भाज्यांपुरती चिनी

हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलं असतं, पण तो त्याआधीच गेला होता. लेकाला सांगितलं नाही. रोज देवापुढं बसते, त्यालाही तोंडानं सांगितलं नाही — त्याला माहीत असेल तर असो. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही. ओळखीच्या माणसाला दुसऱ्या दिवशी तोंड दाखवावं लागतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. नटवून लिहिणं मला येत नाही. पण सरळ लिहिणंही होत नाहीये — लिहायला बसते, उठते, गॅसवर काही ठेवलंय का बघून येते. गॅसवर काही नसतं.

आधी घरातली माणसं सांगते. मला एकच लेक, सुधाकर. तो चीनमध्ये यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला होता. तिथंच त्यानं लग्न केलं. सुनेचं नाव मेइलान. गावानं तिची मैना केली आणि तिनं ते चालवून घेतलं. त्यांची पोरगी, माझी नात आनू, तीन वर्षांची होती तेव्हा तिघं महिनाभरासाठी म्हणून आमच्या गावी आली — सोनपेठ तालुक्यात, गंगेच्या काठी. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तेवढ्यात रोगाची साथ आली. विमानं बंद झाली, मग लेकाची नोकरी गेली, मग त्यानं परभणीत मोटारी आणि पंपांच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. पाहुणी म्हणून आलेली सून घरची झाली.

आनू मात्र चिनीच बोलायची. एकदा भर उन्हात माठाजवळ उभी राहून ती रडत होती आणि एकच शब्द म्हणत होती — श्वेइ, श्वेइ. मी गूळ दिला. बिस्किट दिलं. कडेवर घेतलं, खाली ठेवलं, शेवटी पाठीत धपाटा घातला. मैना आंघोळ करून आली आणि तिनं तांब्या भरून पोरीच्या तोंडाला लावला. श्वेइ म्हणजे पाणी. माठाशेजारी उभं राहून पाणी मागणाऱ्या पोरीला मी मारलं होतं.

तेव्हा ठरवलं, ही भाषा शिकायची. लेक हसला. म्हणाला, आई, त्यात एकच शब्द चार सुरांत म्हटला की चार अर्थ होतात, तुला कसं जमंल? का नाही जमणार? आपण ‘काय’ म्हणतो ते एकाच सुरात म्हणतो का? लांबून कुणी हाक मारली तर वेगळं, दुकानदारानं भाव वाढवून सांगितला तर वेगळं, पोरगं नापास होऊन आलं तर वेगळं. माझे कान चांगले होते. डोळे गेले, गुडघे गेले, कान राहिले.

शिकवलं कुणी म्हणाल तर विहिणीनं. मैनाची आई रोज फोनवर दिसायची. नवरा वारलेला, मैना एकुलती एक, बाई एकटीच. तीही खेड्यातलीच, बोटं माझ्यासारखीच भेगाळलेली. तिच्या भाषेत विहिणीला वेगळा शब्द आहे — छिंगचिया. लेक म्हणाला, इंग्रजीत असा शब्दच नाही. मला तेव्हाच वाटलं, ही भाषा आपल्यातली आहे. भेटल्यावर तिच्याकडंही पहिलं हेच विचारतात, जेवलात का. मग ती टोपलीतलं वांगं उचलून फोनसमोर धरायची आणि नाव सांगायची. मी म्हणायचे. चुकलं की ती हसायची, बोळकं दिसायचं. मग मी दोडका धरायचे आणि ‘दोडका’ म्हणायचे, तर तिची जीभ ‘ड’वर अडायची, मग माझी हसायची पाळी. लसूण, भोपळा, मुळा, कोथिंबीर असं आमचं चालायचं. फोन ठेवताना ती म्हणायची, मिंगथिएन — उद्या. मीही म्हणायचे, मिंगथिएन.

गल्लीत चेष्टा झाली. माझ्या थोरल्या जाऊबाई ओट्यावर येऊन सगळ्यांदेखत म्हणाल्या, “काय गं, ह्या वयात चिनी शिकायलीस, आता काय तिकडची सरपंच व्हायलीस का?” मी म्हटलं, “हितं तुम्ही होऊ देईनात, मग काय करू?” बाया हसल्या. जाऊबाईही हसल्या. पण त्यांचं हसू मला कधीच सरळ वाटलं नाही.

आता एक छोटी लबाडी सांगते. मोठी तिच्यातूनच निघाली.

सगळ्यांना वाटायचं, म्हातारीला भाज्यांपुरती चिनी येते. आणि मी ते वाटू दिलं. खरं म्हणजे दोन-अडीच वर्षांत मला बरंच कळायला लागलं होतं. बोलता यायचं नाही, पण कळायचं. मैना आईशी बोलायची तेव्हा मी तिथंच ज्वारी निवडत बसायचे आणि ऐकायचे. तुम्ही म्हणाल, सुनेचं ऐकायचं? हो, ऐकायचे. गोड लागायचं. एकदा ती आईला म्हणाली, सासूचं तोंड कडू आहे, पण मन — पुढचा शब्द मला आला नाही. तो शब्द मी आजपर्यंत कुणाला विचारला नाही.

तर लक्ष्म्यांकडं येते.

आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. पहिल्या दिवशी मुखवटे वाजतगाजत दारातून आत आणायचे, दुसऱ्या दिवशी पुरणाचं जेवण, तिसऱ्या दिवशी त्या उठतात. घरच्या सुनेनं मुखवटा हातात घेऊन उंबरा ओलांडायचा. त्या वर्षी मी जाहीर केलं, आमची मैना आणील. जाऊबाई तडकल्या. “बेडूक-साप खाणाऱ्या लोकांची पोरगी, तिच्या हातानं लक्ष्म्या? भावकी जेवायची न्हाई तुझ्या घरी.” मी म्हटलं, “नका जेवू. पुरण फुकट जायचं न्हाई, म्हशी हायत.” लेक म्हणाला, आई, कशाला हट्ट? मैनाच म्हणाली, “मी करते की आई.” ती आमच्यासारखंच बोलते, जिथं शिकली तिथलंच बोलणार. महिनाभर आधीपासून ती पुरण वाटायला, कटाची आमटी करायला शिकत होती. उंबऱ्यात काय विचारतात, आपण काय उत्तर द्यायचं, हे पाठ करत होती.

मी तिला आमच्या घराची रीतही सांगितली होती. एकदा मुखवटे पेटीतून बाहेर निघाले की लक्ष्म्या उठेपर्यंत घरात वाईट बातमी बोलायची नाही. मेलं कुणी, पडलं कुणी, तिसऱ्या दिवसानंतर बोलायचं.

ही रीत मला कशी माहीत, तेही सांगायला पाहिजे. माझं लग्न होऊन दुसरं वर्ष होतं. माझा बाप लक्ष्म्यांच्या पहिल्या दिवशी गेला. माझ्या माहेराहून, पालमहून, माणूस सांगायला आला, सासूनं त्याला वेशीवरूनच परत पाठवलं. मी तिन्ही दिवस पोळ्या लाटल्या, गाणी म्हटली, हसले. लक्ष्म्या उठल्यावर सासू म्हणाली, “डोक्यावरून पाणी घे, तुझा बाप गेला.” तोवर राखही सावडून झाली होती. हे मी माझी बाजू मांडायला सांगत नाही. उलटं आहे. ज्याला माहीत नसतं त्याच्या हातून चुकतं. मला माहीत होतं. हे कसं लागतं, किती वर्षं लागतं — मला सगळं माहीत होतं.

लक्ष्म्या यायच्या दिवशी दुपारी मैना आतल्या खोलीत होती, चुलत पुतण्याची बायको तिला साडी नेसवत होती. बाहेर ओसरीत बाया जमल्या होत्या. ताटं, चमचे वाजवायला हातात. जाऊबाईही आल्या होत्या — काय चुकतंय ते बघायला का होईना, आल्या होत्या. मी स्वयंपाकघरात एकटी. मैनाचा फोन फडताळात चार्जिंगला लावलेला होता, तो वाजला. विहीण दिसली. मला वाटलं, हिला लक्ष्म्या बघायच्या असतील. उचलला.

ती पलंगावर होती. अंगात पट्ट्यापट्ट्यांचे कपडे. केस मोकळे. मागं पांढरी भिंत.

तिनं जेवलात का विचारलं नाही. मैनाचं नाव घेतलं, मी हातानं खूण केली, आत आहे. तेव्हा ती माझ्याशी बोलायला लागली. अगदी सावकाश, आनूशी बोलतात तसं, एकेक शब्द सुटा करून. ईयुआन — दवाखाना. हा शब्द मला यायचा, आनूचा हात मोडला होता तेव्हा शिकले होते. मिंगथिएन — उद्या. सकाळी. मग तिनं बोट छातीवर ठेवलं आणि वरून खाली ओढलं. त्याचा शब्द मला येत नव्हता, पण त्याला शब्द कशाला लागतो? मग म्हणाली, फा. भीती वाटते. आनू शेळीला घाबरून तेच ओरडायची. मग म्हणाली, लेकीला सांगा. आज फोन. तिचा आवाज ऐकायचाय.

मला सगळं कळलं. एक शब्द सुटला नाही.

बाहेरून जाऊबाईंचा आवाज आला, “अगं, नेसली का न्हाई तुझी चिनीण? का लक्ष्म्यांनी दारातच उभं राहावं?”

मी त्या आवाजाकडं बघितलं आणि मग फोनकडं. मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगते. आता हिला सांगितलं तर ही रडत बसेल. मुखवटा कोण उचलणार? जाऊबाई म्हणतील, बघा, लक्ष्म्यांनीच नाकारलं. आणि दुसरं असं आलं की, तिकडं विमानं अजून कुणाला घेत नाहीत, सांगून तरी ही कुठं जाणार? हा दुसरा विचार मी पुढं पुष्कळ वर्षं वापरला. पण विहिणीनं लेकीला यायला सांगितलंच नव्हतं. तिला फक्त आवाज पाहिजे होता.

मी मान हलवली. म्हटलं, हाओ. हाओ. म्हणजे बरं, सांगते. तिचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. तिनं हात जोडले. तिच्याकडं हात जोडायची तशी रीत नाही — ते ती माझ्याकडून शिकली होती. मग ती मिंगथिएन म्हणाली, आणि मीही म्हटलं.

मैना साडी नेसून आली. सुरेख दिसत होती, खोटं कशाला बोलू. फोन बघून म्हणाली, “माझ्या आईचा फोन होता? काय म्हणायलती?”

मी म्हटलं, “काय म्हणायची? लक्ष्म्या बघायच्या असतील. मला कुठं कळतंय बाई तुमचं बोलणं.”

हेच ते. हे एवढंच वाक्य. त्याच्याभोवती मी इतका वेळ फिरत होते.

ती हसली आणि मुखवटा घ्यायला गेली. उंबऱ्यात विचारलं, लक्ष्मी कशाच्या पावलांनी आली? तिनं एकही शब्द न चुकवता उत्तर दिलं. बायांनी ताटं बडवली. जाऊबाईंनी तोंड वाकडं केलं, पण कुंकू लावलं. मी त्या वेळी खूश होते. हेही लिहिलं पाहिजे. मी खरोखर खूश होते.

संध्याकाळी मैना म्हणाली, आईला फोन लावते, आरास दाखवते. तेव्हा तरी सांगता आलं असतं. बाया गेल्या होत्या, मुखवटे बसले होते, माझा हट्ट पुरा झाला होता. पण सांगितलं असतं तर ती विचारती, दुपारी का नाही सांगितलंत? म्हणून मी म्हटलं, “तिकडं आता झोपायची वेळ झाली असंल. उद्या पुरणाच्या ताटासकट दाखव की.” तिकडं घड्याळ आपल्यापुढं असतं, तिला पटलं. पहिलं खोटं घाईत बोलले होते असं म्हणता येईल. दुसरं सावकाश बोलले.

विहिणीनं पुन्हा फोन केला नाही. का केला नाही? मला वाटतं, निरोप दिलाय म्हणून वाट बघत राहिली. विहिणीवर कोण अविश्वास ठेवतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली होती. मैना पोळ्या वाढत होती. तिच्या मावशीचा फोन आला. ती ओसरीच्या कोपऱ्यात गेली. मी तिथंच तुपाची वाटी घेऊन उभी होते. मावशी मोठ्यानं रडत होती, मला ऐकू आलं — कळलंही. सकाळी चिरलं, आणि बाई टेबलावरून उठलीच नाही.

मैनानं फोन ठेवला. पदर नीट केला. पोळ्यांचं ताट उचललं आणि पुढच्या पानावर वाढायला गेली.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. का, तर मीच तिला ती रीत शिकवली होती. ती दिवसभर वाढत राहिली. संध्याकाळी जाऊबाईंना तिनं आपण होऊन विडा दिला. तिसऱ्या दिवशी हळदीकुंकू केलं, लक्ष्म्यांना निरोप दिला, मुखवटे पुसून पेटीत ठेवले. आणि मी सगळं माहीत असून तिच्यासोबत वावरले. “मैना, हे घे, मैना, ते दे.” बघा, लेकीला आईबापाचं तीन दिवसांचं सुतक असतं. म्हणजे ज्या सोवळ्यासाठी मी खोटं बोलले असं म्हणावं, ते सोवळंही राहिलं नव्हतं, आणि मला ते माहीत होतं. मग मी काय राखत होते? जाऊबाईंपुढं माझं नाक. दुसरं काही नाही.

पेटीचं झाकण लावल्यावर ती माझ्यासमोर खाली बसली. म्हणाली, “आई, आता बोललं तर चालतंय का?”

मी म्हटलं, “बोल.”

तिनं सांगितलं, आणि मी पहिल्यांदा ऐकल्यासारखं तोंड केलं. ती माझ्या गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, सासू असावी तर अशी.

तेव्हाच तिनं विचारलं, “आई, त्या दिवशी तिचा चेहरा कसा होता?” मी म्हटलं, “नेहमीसारखा.” पट्ट्यांचे कपडे होते म्हणून सांगितलं नाही. ती म्हणाली, “दवाखान्यात होती, आणि मला सांगितलं न्हाई. आमच्याकडं असंच करतात. लांबच्या लेकराला वाईट कळवत न्हाईत. पण मी तर रोज बोलायले होते तिच्याशी.” तिच्या देशातली रीत माझ्या मदतीला धावली. मला काहीच करावं लागलं नाही. मला फक्त गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसणं मला चांगलं जमलं.

ती आईवर रागावली. मेलेल्या माणसावर राग धरला की तो उतरायला जागा मिळत नाही. घरात तिनं चिनी बोलणं सोडलं. आनूशी मराठीच बोलायला लागली. पोर वर्षभरात सगळं विसरली. मीही सांगितलं, मी विसरले. आता आम्ही परभणीत राहतो, लेकाच्या दुकानामागं घर आहे. आनू मोठी झाली, तिला आता ती भाषा पुन्हा शिकायची हौस आलीय, मोबाईलवर शिकते. मला म्हणते, “आजी, तुला येत होतं ना गं?” मी म्हणते, “भाज्यांची नावं यायची, तीबी गेली.” ती आत बसून शब्द घोकते. तिचे सूर चुकतात. मला बाहेरून कळतं कुठं चुकलं. मी बोलत नाही.

मैना मराठी बोलते, वाचता येत नाही तिला. माझ्या लिहिण्यातला शहाणपणा किती, ते यावरून ओळखा.

या चैत्रात तिनं गच्चीवर आईच्या नावानं कागद जाळले, त्यांच्यात मेलेल्या माणसांचा तसा दिवस असतो. संत्री आणि भात ठेवला. आनूनं विचारलं, तुझी आई तुझ्याशी शेवटचं काय बोलली होती? मैना राख गोळा करत होती. म्हणाली, “शेवटी माझ्याशी बोलावं असं तिला वाटलं न्हाई.”

मी तिथंच गच्चीवर सुपात तूर पाखडत होते. पाखडत राहिले.

वाटलं होतं. तिला भीती वाटत होती आणि लेकीचा आवाज ऐकायचा होता. तसं ती बोलली होती, सावकाश, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून.